हप्त्याच्या नावाने आलेली फाइल

सोयाबीन निघालं, कापसाची वेचणी लागली, की दारव्ह्यात घरोघरी एकच विचारणा: पीएम किसानचा हप्ता जमा झाला का? भामट्यांना हा हंगाम पाठ आहे. व्हॉट्सॲपवर ओळखीच्याच नंबरावरून 'पीएम किसान एपीके' अशी फाइल येते. ती इन्स्टॉल करून मागेल त्या परवानग्या दिल्या, की मोबाइलचे मेसेज, म्हणजे ओटीपीसुद्धा, परक्याच्या हाती जातात; आणि पुढे तीच फाइल तुमच्या नावाने सोयऱ्यांना. पाठवणारे भाऊजी असले, तरी फाइल भाऊजींची नसते! २०२५मध्ये लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीच्या वेळी बनावट संकेतस्थळं निघाली, तोही याच जातीचा धंदा.

लिंकमध्ये कुठेतरी सरकारी नाव दिसलं म्हणून भुलू नका. पत्त्यातल्या संकेतस्थळाच्या नावाचा शेवट बघा: सरकारी असेल तर 'डॉट जीओव्ही डॉट इन', बँकेचा असेल तर आता 'डॉट बँक डॉट इन'. हप्त्याची चौकशी सेतू केंद्रात किंवा बँकेतच करा. तरीही पैसे गेलेच, तर लोक काय म्हणतील म्हणून गप्प बसू नका. लगेच १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन लावा; रक्कम पुढच्या खात्यातून निघण्याआधी कळलं, तर ती गोठवता येते.