जुनेपणाची चव

आसव जितका जुना तितका गुणकारी, हे वाक्य आपल्या व्यवसायात इतक्या सहजपणे उच्चारले जाते की त्याची परीक्षा करावी असे कोणाच्या मनातही येत नाही. शार्ङ्गधराने चूर्ण दोन महिन्यांत आणि गुटी-अवलेह वर्षभरात हीनवीर्य होतात असे सांगून आसव, धातू व रस यांस मात्र जुनेपणी गुणयुक्त ठरविले आहे. चरकानेही नवे मद्य बहुधा गुरू व दोषकर, तर जीर्ण मद्य स्रोतसांचे शोधन करणारे, दीपन, लघू व रुचिकर मानले आहे. वचनांविषयी आमचा वाद नाही. परंतु जुने होत असताना द्रव्याचा रस कोणत्या वर्षी कसा पालटतो, याची लेखी नोंद आपल्यापैकी किती रसशाळांत आहे? आमच्याकडे नव्हती. ही उणीव आम्हास जर्मनीतील एका तळघरात उभे असताना जाणवली, हे सांगताना थोडा संकोच वाटतो.

मोझेल नदीच्या काठी पाटीच्या दगडाच्या उभ्या उतारांवर रीसलिंग नावाच्या पांढऱ्या द्राक्षाची लागवड होते. या द्राक्षाचा जर्मनीतील लेखी उल्लेख १४३५ सालापासून सापडतो. त्याच्या मद्याचा एक प्रकार ‘हाल्बट्रॉकन’, म्हणजे अर्धकोरडा. लिटरमागे १८ ग्रॅमपर्यंत साखर त्यात चालते. मात्र वरच्या मर्यादेपर्यंत जावयाचे तर साखर आम्लतेपेक्षा १० ग्रॅमहून अधिक असता कामा नये, असा तेथील नियम आहे. साखर आणि आम्लता यांचा विचार असा जोडीने व्हावा, हेच आम्हास प्रथम भावले. याच्याच आसपासच्या मद्यास तेथील उत्पादक ‘फाइनहेर्ब’ असेही म्हणतात. त्या शब्दास कायद्याची काटेकोर व्याख्या नाही, तो जिभेचा शब्द आहे.

त्या उत्पादकाने एकाच उतारावरील तीन वर्षांच्या बाटल्या आमच्यापुढे ठेवल्या. दोन वर्षांच्या मद्यात हिरव्या सफरचंदाचा व लिंबाच्या सालीचा गंध, जिभेच्या टोकाशी गोडी आणि लगोलग दातांना जाणवणारा अम्ल. सहा वर्षांचे मद्य मुके वाटले. गंध मावळलेला, चव जणू दार लावून बसलेली. आम्ही ते बिघडले असावे असे म्हणालो, तेव्हा यजमान केवळ हसले. तिसरी बाटली २०१० सालची. त्या वर्षी जर्मनीत द्राक्षांची आम्लता फार चढी होती. रंग सोनेरी झालेला, गंध मधाचा, सुकलेल्या जर्दाळूचा आणि, वाचकांनी हसू नये, किंचित रॉकेलचा. गोडी मात्र जवळजवळ नाहीशी! आम्ही विचारले, साखर गेली कोठे? यजमानांनी त्यांची वही उघडून दाखविली. बाटली भरतानाचा आकडा आणि अलीकडच्या परीक्षणाचा आकडा सारखाच होता.

यात गूढ काही नाही. किण्व गाळून काढलेले असल्याने बाटलीत साखर खर्ची पडत नाही. ताज्या फळाचा गंध आपल्याला गोडीचा भास देत असतो. तो ओसरला की तितकीच साखर जिभेला कमी भासते. रॉकेलसदृश गंध द्राक्षाच्या सालीतील पीतवर्णी द्रव्यांच्या विघटनातून हळूहळू उत्पन्न होतो, आणि भरपूर ऊन लागलेल्या घडांत तो अधिक उतरतो. आम्हास या ठिकाणी चरकाचा रस-अनुरस विचार आठवला. आधी व्यक्त होतो तो रस, मागाहून किंवा अस्पष्ट जाणवतो तो अनुरस. त्या तळघरात तरुणपणीचा अनुरस वृद्धपणी पुढे येऊन बसलेला आम्ही प्रत्यक्ष चाखला. प्रयोगशाळेच्या तक्त्यावर ही दोन मद्ये जवळजवळ एकच ठरली असती.

कोणी म्हणेल, त्रैमासिकातून मद्याची भलामण चालली आहे. मदात्ययाचा अध्याय आम्हीही वाचला आहे. आमचा रोख त्या वहीकडे आहे.

जुनेपणास अंतही असतो. व्युर्त्सबुर्गचे १५४० सालचे मद्य १९६१ मध्ये लंडनला उघडले गेले. ते क्षणभर जिवंत होते आणि हवा लागताच आंबून गेले. दुसरी गोष्ट उष्णतेची. मोझेलचे तळघर वर्षभर १० ते १२ अंशांच्या आसपास असते. आपल्याकडे पत्र्याच्या छपराखालील गोदामात वैशाखात पारा चाळिशी ओलांडतो. तेथे दोन उन्हाळे काढलेले अरिष्ट काळपट व कडवट होते, आणि आपण त्यास कौतुकाने ‘मुरलेले’ म्हणतो. आमच्या मते ते मुरलेले नसून शिजलेले असते. त्यातच आता पुष्कळ ठिकाणी काच जाऊन पेटच्या बाटल्या आल्या. वजनास हलक्या, फुटत नाहीत, वाहतुकीस सोयीच्या, सर्व खरे. परंतु काचेतून प्राणवायू शिरत नाही, पेटमधून तो हळूहळू शिरतो. कायद्याने आसवारिष्टांस १० वर्षांची मुदत दिली आहे. त्या मुदतीच्या आठव्या वर्षी आपल्या बाटलीत काय असते, हे बाटली भरणाऱ्यानेच कधी चाखलेले नसावे, ही गोष्ट आम्हास बोचते.

धायटीची फुले, गूळ, क्वाथ आणि प्रक्षेपद्रव्ये यांचे संधान द्राक्षरसाहून कितीतरी गुंतागुंतीचे आहे. म्हणून रीसलिंगचा नियम दशमूलारिष्टास जसाच्या तसा लागू होईल असे आम्ही मानत नाही. तो कोणता नियम आहे ते पाहण्यासाठीच, परतल्यावर दशमूलारिष्टाच्या एकाच घाण्यातील २४ बाटल्या आम्ही बाजूस काढल्या. बारा काचेच्या, बारा पेटच्या. निम्म्या थंड तळखोलीत, निम्म्या नेहमीच्या गोदामात. दर वर्षी चैत्रात प्रत्येक गटातील एकेक बाटली उघडावयाची, तिघा वैद्यांनी वेगवेगळे बसून चाखावयाची आणि रस, अनुरस, गंध, वर्ण लिहावयाचे, असे ठरले आहे. वही साधी शंभर पानी आहे. पहिले पान भरले असून गोदामातील पेटच्या बाटलीपुढे तिघांनीही स्वतंत्रपणे एकच शब्द लिहिला आहे: कडवट.