गोळीबरोबर संस्कार जातात का?

परवा एका विद्वानांनी व्याख्यानात निकालच देऊन टाकला. जुगार, उधळपट्टी, हाव ही सगळी दुबळ्या मनाची लक्षणं. ‘मेंदूतलं रसायन’ ही निव्वळ पळवाट. संस्कार पक्के असले की माणूस घसरत नाही. टाळ्या पडल्या. संस्कारांवर त्या पडतातच.

या विद्वानांनी कंपवाताच्या रुग्णांची एकदा चौकशी करावी. या आजारात मेंदूतल्या डोपामाइन बनवणाऱ्या पेशी मरत जातात. हात थरथरतो, पाऊल उचलत नाही. मग प्रॅमिपेक्सोल, रोपिनिरोल अशी डोपामाइनची नक्कल करणारी औषधं देतात. शर्टाची बटणं पुन्हा लावता येतात. आणि आयुष्यभर पैपैचा हिशेब ठेवलेला एखादा गृहस्थ रात्री दोन वाजता मोबाइलवर पैसे लावून रमी खेळू लागतो! कुणी खरेदीचा सपाटा लावतं, कुणी खात सुटतं, कुणाची कामवासना घरच्यांना तोंड लपवायला लावते. अमेरिका-कॅनडातल्या 3090 रुग्णांची पाहणी 2010 साली प्रसिद्ध झाली. ही औषधं घेणाऱ्यांत 17.1 टक्के, न घेणाऱ्यांत 6.9 टक्के लोकांना असं काही ना काही जडलेलं होतं. डॉक्टरांनी औषध कमी केलं किंवा बदललं की अनेकांचं हे वेड ओसरतं. म्हणजे संस्कार गोळीबरोबर गेले आणि मात्रा घटताच घरी परतले म्हणायचं?

डोपामाइन म्हणजे ‘सुखाचं रसायन’, हेही त्या विद्वानांचंच वाक्य. पण डोपामाइन गमावलेल्या उंदरांना साखर गोड लागतेच. ती मिळवायला उठावंसं वाटत नाही, इतकंच.

मेंदूचा आजार न मानता फिट आलेल्या माणसाच्या नाकाला चप्पल लावणाऱ्यांशी आपण असाच वाद घातला होता. तेव्हाही पलीकडचे लोक असेच ठाम होते.

गोळी घेणारा प्रत्येक जण जुगारी होत नाही, हे खरं. वय, घराण्यातला जुगार यांचाही त्यात हात असतो. रसायन दाखवलं म्हणून जबाबदारीही संपत नाही. गोळी लिहून देणाऱ्याकडे आणि घरच्यांकडे त्या जबाबदारीचा वाटा येतो. उपदेशाने मात्र मात्रा बदलत नाही.

घरात कुणी ही औषधं घेत असेल तर त्यांच्या बँक खात्यावर लक्ष ठेवा. खर्च किंवा खेळ अचानक वाढला, तर न लाजता डॉक्टरांना सांगा. गोळी मात्र परस्पर बंद करू नका.