पोकळ झालं म्हणजे मेलं का?

दोस्तांनो, हिंगोली, वसमत, कळमनुरी, कुठेही जा. पारावर एखादा आजोबा-वड नाहीतर म्हातारी चिंच असतेच. खोडात ही भली मोठी ढोली! मग कुणीतरी म्हणतं, "आतून पोखरलंय, आता काय ऱ्हायलं त्याच्यात? पाडून टाका!"

थांबा! झाडाचा जीव पोटात नसतो, सालीखाली असतो. पानांनी तयार केलेलं अन्न सालीच्या आतल्या थरातून खाली उतरतं आणि त्याच्या लगतच्या नव्या लाकडातून पाणी वर चढतं. मधला गाभा जुन्या, मेलेल्या लाकडाचा. त्याचं काम फक्त आधार देण्याचं. बुरशीनं आणि वाळवीनं तो खाल्ला, तरी बाहेरून नवं लाकूड वाढतच राहतं. बांबू पोकळच असतो, सायकलचा दांडाही पोकळच. तरी भार पेलतात ना?

मात्र बाहेरची भिंत फार पातळ झाली, की धोका! तेव्हा हवेत झाडांचे डॉक्टर. टरबूज घेताना आपण टिचकी मारतो, तसे ते खोडावर हातोडी ठोकून आवाज ऐकतात. मग जड फांद्यांचं ओझं थोडं थोडं कमी करतात, वाकलेल्यांना टेकू देतात. पूर्वी ढोलीत सिमेंट भरत. आता ते टाळतात. झाड वाऱ्यात डोलतं, सिमेंट डोलत नाही. शिवाय आत ओल कोंडते आणि कुजणं वाढतं.

तेलंगणात महबूबनगरजवळ पिल्ललमर्री नावाचा सुमारे ७०० वर्षांचा वड आहे. वाळवीमुळे त्याची मोठी फांदी कोसळली. २०१८ साली चक्क सलाईनच्या बाटल्या टांगून थेंब थेंब वाळवीनाशक त्याच्या अंगात सोडलं, फांद्यांना टेकू दिले. आजोबा वाचले! कोलकात्याजवळच्या वनस्पती उद्यानातल्या प्रसिद्ध वडाचं तर मूळ खोडच बुरशीमुळे १९२५ साली काढावं लागलं. पारंब्यांच्या जोरावर तो आजही उभा आहे.

आपल्या गावच्या झाडासाठी एवढं तरी करू या. ढोलीत कचरा पेटवायचा नाही, खोडाला खिळे ठोकायचे नाहीत. पार बांधताना बुंध्याभोवती माती मोकळी ठेवा, हे मोठ्यांना सांगायचं. पारंब्या तोडायच्या नाहीत. जमिनीत रुजलेली पारंबी म्हणजे आजोबांच्या हातातली नवी काठी!

आणि हो, ढोलीत हात घालू नका बरं. आत पिंगळ्याचं घर असेल, नाहीतर सापाचं!