भुईनळा आणि सरकार

मला भुईनळा करायचा आहे. विकायचा नाही, कुणाच्या वरातीत उडवायचा नाही. आपण ठासलेल्या नळ्याचं झाड किती उंच जातं, एवढंच बघायचं आहे. आमचे काका गावी करत. कुंभाराकडचे मातीचे नळे, सोरा, गंधक, कोळसा आणि लोखंडाचा कीस. त्यांचं झाड कौलांच्या वर जाई. त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटंही एका दिवाळीत अशीच गेली. तेव्हा परवानाच नको म्हणणाऱ्यांतला मी नव्हे. बँकेत दहा रुपयांची चूक झाली, तर संध्याकाळी ती आम्हाला सापडते. दारूकामात चुकीला आपण सापडतो. (दारू उडवायची, ढोसायची नव्हे. आमच्या साहेबांचा गैरसमज झाला होता.)

माझं भांडण निराळं आहे. १८८४चा स्फोटकांचा कायदा आणि २००८चे नियम मी किरकोळ रजा टाकून वाचले. त्यांना दोनच माणसं ठाऊक : कारखानदार आणि आरोपी. एका वेळी १५ किलोपर्यंतच्या कामाचा परवाना जिल्हाधिकारी देतात. त्यापुढे नागपूरला मुख्यालय असलेल्या 'पेसो'चे अधिकारी. मला हवी पावशेर! पण त्यासाठीही नकाशे काढा, करण्याची जागा वेगळी, साठवण्याची वेगळी, राहत्या घरापासून दूर. मी राहतो दोन खोल्यांत. हे अंतर राखायचं तर आधी मलाच घर सोडावं लागेल. बँकेचा लॉकर म्हणाल, तर स्फोटकं ठेवू नयेत हे कलम गिऱ्हाइकांना मीच वाचून दाखवतो. चौकशीला गेलो, तर तिथल्या कारकुनानं विचारलं, "छंद म्हणजे कामगार किती?"

बिनपरवाना केलं तर ३ वर्षांपर्यंत कैद, किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दंड पतपेढीच्या कर्जातून भागेल हो, पण तीन वर्षांची रजा माझ्या खात्यावर नाही.

आणि उडवणारा? सुप्रीम कोर्टानं २०१८ साली दिवाळीत रात्री आठ ते दहा ही वेळ बांधून दिली, लडींवर बंदी घातली. आमच्या समोरचे सद्गृहस्थ साडेअकराला सुतळी बॉम्ब लावतात. काडी ओढायला परीक्षा नाही, नकाशा नाही. शिकून करीन म्हणणाऱ्याला तुरुंग, न शिकता उडवणाऱ्याला दिवाळीच्या शुभेच्छा!

भूमध्य समुद्रातल्या माल्टात हौशी माणसं नोकरीधंदा सांभाळून, रीतसर परवाना काढून, गावच्या जत्रेसाठी दारूकाम करतात. हे सांगितलं, तर आमचे हेडकॅशियर म्हणाले, "आणि मरतात." खरं आहे. २०१० साली तिथल्या गोझो बेटावर फटाक्यांच्या कारखान्यातल्या स्फोटात सहा जण गेले. म्हणून तर घरच्या गच्चीचा हट्ट मी सोडला. नेमबाजी शिकायला रायफल क्लब असतात ना? तशी गावाबाहेर एक शेड काढा. परवानेवाला जाणता कारागीर नेमा, आमची परीक्षा घ्या, नापास करा, पुन्हा बसवा. दारू तिथेच कुलपात राहू दे. घरी न्यायची ती फक्त आपापली दहा बोटं.

तोवर काकांचे तीन रिकामे नळे मी माळ्यावरून काढून ठेवले आहेत. हिनं त्यांत उदबत्त्या खोचायला सुरुवात केली आहे.