रेग्युलेटर मेल्यावर काय?

मंडळी, हॅम रेडिओच्या नादाला लागलेल्या प्रत्येकाने एकदा तरी पॉवर सप्लाय स्वतः बनवावा, असं माझं ठाम मत आहे. ट्रान्समिट करायला लायसन्स लागतं, पॉवर सप्लायला नाही! शनिवारी वाशीहून लोकल पकडून लॅमिंग्टन रोड गाठायचा, रविवारी सोल्डरिंग.

गणित सोपं आहे. बऱ्याच सेटना १३.८ व्होल्ट लागतात. एलएम३१७ ही आयसी आउटपुट आणि अ‍ॅडजस्ट या पायांमध्ये १.२५ व्होल्ट कायम राखते. त्या दोन पायांमध्ये २४० ओहम, अ‍ॅडजस्टपासून ग्राउंडला २.४ किलोओहम... झाले १३.७५ व्होल्ट. आयसी दीड अँपिअरची. जास्त करंट हवा तर जोडीला एमजे२९५५ सारखा पॉवर ट्रान्झिस्टर.

इथवर कॉलेजात शिकवतात. पण खरा प्रश्न पुढे आहे. १८ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर घेतला तर रेक्टिफायरनंतर कपॅसिटरवर साधारण २४ व्होल्ट येतात. वरचे दहा व्होल्ट ट्रान्झिस्टर उष्णता करून उधळतो. ५ अँपिअरला तब्बल ५० वॉट! हीटसिंक तोकडा पडला की ट्रान्झिस्टर जातो. आणि असे ट्रान्झिस्टर मरताना बहुधा शॉर्ट होतात. म्हणजे २४ व्होल्ट थेट सेटमध्ये. अनेक सेट १५ टक्के कमी-जास्त चालवून घेतात, म्हणजे फार तर १५.९ व्होल्ट. पुढे महागडा सेट खलास.

उपाय जुनाच आहे, क्रोबार. आउटपुटवर एक एससीआर, त्याच्या गेटला १५ व्होल्टचा झेनर, आणि रेग्युलेटरच्या आधी फ्यूज. व्होल्टेज साडेपंधराच्या पुढे गेलं की एससीआर आउटपुट शॉर्ट करतो, फ्यूज उडतो, सेट वाचतो. तरीही "नंतर लावू" म्हणून लोक नेमका हाच भाग गाळतात. आपण नाही का, डेडलाइन आली की एरर हँडलिंग गाळतो!

डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर पोर्ट ब्लेअरहून भारती प्रसाद यांच्या हॅम रेडिओने संपर्क सांभाळला होता. अशा वेळी सेट चालू असणं हाच सगळा मुद्दा. म्हणून माझ्या लेखी क्रोबार नसलेला सप्लाय अर्धवटच, मग मल्टिमीटर कितीही अचूक १३.८ दाखवो.

असो. फ्यूज मात्र तारेने बांधू नका!