साठ म्हणजे नक्की किती?

मोटारसायकलच्या पॅनेलवर दिसणारा वेग खरा नसतो, खऱ्यापेक्षा थोडा जास्त असतो, असं सांगितलं की ऐकणारे दोन प्रकारे बघतात. ज्यांना गाडी चालवता येत नाही ते दचकतात आणि जे रोज चालवतात ते हसतात. "त्यात काय नवीन?" असं ते हसणं. दचकणं मला समजतं. त्या हसण्याबद्दल मात्र चार शब्द लिहावेसे वाटतात.

आधी ही भानगड काय ते सांगते. माझ्या भाच्याने दोन वर्षांपूर्वी नवी मोटारसायकल घेतली. काटा वगैरे नाही, सगळे आकडे. त्याच्या मोबाइलमधला नकाशा उपग्रहाच्या आधाराने गाडीचा वेग दाखवतो. तो वेग आणि पॅनेलवरचा वेग कधी म्हणून जुळत नाही. पॅनेल ६० म्हणतं तेव्हा मोबाइल ५६ म्हणतो. दोघांत खरं कोण बोलतंय हे ठरवायला तिसरा साक्षीदार हवा. एका रविवारी सकाळी मी हेल्मेट घालून त्याच्यामागे बसले आणि साताऱ्याहून कराडकडे जाताना हातातल्या घड्याळावर किलोमीटरचे दगड मोजले. गणित पाचवीतलं आहे. ताशी ६० म्हणजे मिनिटाला एक किलोमीटर, दहा किलोमीटरला दहा मिनिटं. पॅनेलवरचा ६० चा आकडा त्याने (जमेल तितका) हलू दिला नाही. लागली १० मिनिटं ४० सेकंद. म्हणजे खरा वेग ५६ च्या किंचित वर. दगडांनी मोबाइलच्या बाजूने साक्ष दिली.

खरी गंमत पुढे आहे. त्याच पॅनेलवर कापलेलं अंतरही दिसतं. ते होतं १०.१ किलोमीटर, म्हणजे जवळपास बरोबर! त्याच्या गाडीत पुढच्या चाकाचे फेरे मोजणारा सेन्सर एकच. त्याच फेऱ्यांवरून अंतर निघतं आणि वेगही निघतो. अंतर सांगताना हे यंत्र सरळ वागतं आणि वेग सांगताना चार वाढवून सांगतं. हे चार चुकून येत नाहीत, मुद्दाम घातलेले असतात. अंतर वाढवून दाखवलं तर वॉरंटी लवकर संपेल, गाडी विकताना किंमत कमी येईल, लोक भांडायला जातील. वेग वाढवून दाखवला तर कोणी भांडत नाही.

हे कंपन्या आपल्या मनाने करत नाहीत. त्यामागे नियम आहे. संयुक्त राष्ट्रांच्या ३९ क्रमांकाच्या नियमाप्रमाणे मीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी वेग कधीही दाखवता कामा नये. जास्त दाखवला तर चालतो, खऱ्या वेगाचा दहावा हिस्सा अधिक ४ किलोमीटर इतका. म्हणजे गाडी खरोखर ६० ने जात असेल तर मीटरने ७० दाखवले तरी तो पास! आपल्याकडचं मानकही त्याच धर्तीवर आहे. नियम करणाऱ्यांची काळजी रास्तच होती. टायर झिजतं, हवा कमी होते, कोणी वेगळंच टायर बसवतो, आणि चाकाचा घेर बदलला की हिशेब बदलतो. मग चूक व्हायचीच असेल तर ती सावधगिरीच्या बाजूला व्हावी.

काट्याच्या काळात मला हे पूर्ण पटलं असतं. पूर्वी पुढच्या चाकापासून एक केबल फिरत वर यायची, मीटरमध्ये एक लोहचुंबक फिरवायची आणि त्याच्या ओढीने ॲल्युमिनियमची छोटी वाटी स्प्रिंगच्या विरुद्ध वळायची. काटा त्या वाटीला जोडलेला. स्प्रिंग सैल पडायची, काटा थरथरायचा आणि तो बघणाऱ्यालाही कळायचं की हे "साठाच्या आसपास" आहे. आता तिथे ५७ असा स्वच्छ आकडा येतो. ५६ नाही, ५८ नाही, ५७. काट्याच्या अंगात एक संकोच होता. आकड्याच्या अंगात तो नाही.

आता त्या हसण्याकडे येते. मी भाच्याला म्हटलं, "अरे, मग तू काय करतोस?" तो म्हणाला, "अगं आत्या, सगळ्यांना माहितीये. चार-पाच वजा करायचे."

हे वाक्य मी तीस-एक वर्षं शाळेत ऐकलं आहे, फक्त उलट्या चिन्हाने. पूर्वपरीक्षेचे पेपर मुद्दाम कडक तपासायची पद्धत असते. मुलांनी घाबरून अभ्यास करावा हा हेतू. शिक्षकांच्या खोलीत या विषयावर आमचे वाद व्हायचे आणि मी कायम विरुद्ध बाजूला असायची. कारण वर्गात काय होतं ते समोर दिसायचं. हुशार, बनेल मुलगा म्हणायचा, "प्रिलिमला ५५ म्हणजे बोर्डात ७०," आणि क्रिकेट खेळायला जायचा. ज्याला घाबरवायचं तो घाबरायचाच नाही. आणि मागच्या बाकावरची एखादी मुलगी, जिला खरे ४५ पडायला हवे होते, ती ३४ बघून पुस्तक मिटून ठेवायची. तिला हे बेरजेचं गुपित कोणी सांगितलेलंच नसायचं.

मीटरचंही तेच झालं आहे. सावकाश जाणारा माणूस आकड्यावर विश्वास ठेवून आणखी सावकाश जातो. भरधाव जाणारी पोरं वजाबाकी करून जातात. त्यातले काहीजण दोन्ही चाकांना मूळच्यापेक्षा मोठी टायरं बसवून घेतात. मोठं टायर एका फेऱ्यात जास्त अंतर कापतं, फेरे कमी मोजले जातात आणि आकडा खाली येतो. कंपनीने राखून ठेवलेले चार किलोमीटर तिथेच संपतात, आणि हा पोरगा वजाबाकी करतोच आहे. वेग दीडपट झाला तर ब्रेक दाबल्यानंतर थांबायला सव्वादोनपट अंतर लागतं. ते काही वजाबाकी विचारत नाही.

"चार किलोमीटरने काय होतंय?" असं कोणी म्हणेल. चार किलोमीटरने फार काही होत नसेलही. मला काळजी वाटते ती सवयीची. ज्या पॅनेलवरचा एक आकडा फुगवलेला आहे हे ठाऊक असतं, त्याच पॅनेलवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला की "जळतो अधूनमधून, काही होत नाही" असं म्हणायला कितीसा वेळ लागतो? पेट्रोलच्या शेवटच्या पट्टीलाही मुलं असंच म्हणतात आणि मग कुठेतरी घाटात गाडी ढकलत नेतात.

असो. कमी दाखवायचं नाही हा नियम राहू द्या, त्याला माझी हरकत नाही. पण फेरे मोजणं आता इतकं अचूक झालं असताना दहावा हिस्सा अधिक चार एवढी सवलत कशाला? आणि ती ठेवायचीच असेल तर गिऱ्हाइकाला सांगून ठेवा. भाच्याच्या गाडीबरोबर आलेली पुस्तिका मी चष्मा लावून पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली. साखळीला तेल कधी आणि कसं द्यायचं याला चित्रासकट एक अख्खं पान दिलं आहे. या चार किलोमीटरसाठी एक ओळ पुरली असती.