प्रवासाची पिशवी

भगिनींनो, एस.टी.त चढताना एक हात दांडीला, दुसरा लेकराला. खांद्यावरून घसरणारी पर्स धरायला तिसरा हात आणायचा कुठून? त्यापेक्षा गळ्यातून तिरकी अडकवायची पिशवी घ्या. पट्टा दोन-तीन बोटे रुंद हवा. बारीक साखळी दिसते छान, पण तासाभरात खांद्यावर वळ उमटवते. दुकानातच आत पाण्याची बाटली घालून, अडकवून पाहा. गर्दीत पिशवी पोटापुढे ठेवा. तिकिटाचे सुटे पैसे बाहेरच्या कप्प्यात, म्हणजे कंडक्टरपुढे सगळी पुंजी उघडायला नको.

एक धोका मात्र आहे. मोटारसायकलवरून कुणी हिसका मारला तर तिरका पट्टा चटकन निघत नाही, बाई फरफटते. रस्त्याने चालताना पिशवी वाहनांच्या विरुद्ध कुशीला घ्या.